बहिरे पहारेकरी

दुसऱ्यांच्या गेममधल्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईला मित्र कमीच असतात. मार्नीला जेमतेम दोन होते. त्यातली एक ल्युपका, आणि आज भर दुपारी मार्नीच्या पडद्यावर जो गेम चालला होता तो नेमका ल्युपकाचा होता.

मार्नीचं काम जगाला दिसत नसे. पूर्वी ती एका मासिकात परीक्षणं लिहायची. मासिक बुडालं, तेव्हापासून प्रकाशक कंपन्या बाजारात न आलेले गेम तिला गुपचूप पाठवायच्या आणि विचारायच्या, बाई, उद्या लोक याला काय म्हणतील ते आजच सांगून टाक. मग ती ते खेळायची, खरंखुरं परीक्षण लिहायची, खाली दहापैकी गुण द्यायची, आणि ते परीक्षण कधीच कुठे छापलं जायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकायचे पैसे मिळतात मला, असं ती स्वतःच म्हणे. पण तिच्या त्या एका आकड्यावर कुणाचं वर्षानुवर्षांचं काम तरायचं नाहीतर बुडायचं, आणि हे ठाऊक असल्यामुळे तिला रात्री झोप कमी लागे.

ल्युपकाचा मूळ गेम लोकांना आवडला होता. पोलादाच्या भट्ट्यांचं एक काळवंडलेलं गाव, मालकाचे बंदूकधारी पहारेकरी, आणि त्यांच्या पाठीमागून चोरपावलांनी जाणारी इल्वा नावाची चोर बाई. यात लढायचं नाही, लपायचं. दिसलात की मेलात, आवाज केलात की मेलात. आता त्या गेमला जोडायला ल्युपकाने नवी कथा लिहिली होती. इल्वा त्याच गावात परत येते आणि म्हाताऱ्या बापाला बराकीतून बाहेर काढून धक्क्यावरच्या बोटीपर्यंत नेते, एवढीच.

म्हाताऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि मार्नीने कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला.

"हळू चाल गं बये. गुडघे माझे आहेत, तुझे नाहीत."

हे स्तोयानकाका होते. ल्युपकाचे बाबा. गेल्या हिवाळ्यात त्यांना पुरलं तेव्हा मार्नी खड्ड्याशी उभी होती.

गेम तयार होत असताना संवाद आधी कुणाच्याही आवाजात भरून ठेवतात. हिशेबनीस, कुणाची तरी आई, जो हाताला लागेल तो. खरे नट मागाहून येतात. ल्युपकाने बापाला घरातल्या कपाटात, कोटांच्या गर्दीत बसवून वाक्यं म्हणवून घेतली होती. काकांना लिहिलेलं वाचायचा मनस्वी कंटाळा, त्यामुळे ते मनाला येईल ते बोलत सुटले. "मी आता नट झालोय, माझ्याशी जरा अदबीने बोल," असं त्यांनी मिरच्या सोलता सोलता मार्नीला सुनावलंही होतं. पुढे ते गेले, आणि नट आणायचा राहूनच गेला.

मार्नीने डोळे पुसले आणि कंट्रोलर उचलला. म्हातारा इल्वाच्या मागे खुरडत चालला होता, कुरकुरत होता, थट्टा करत होता, आणि मार्नीला वाटलं, पोरीने काय सुरेख काम केलंय. मग म्हातारा खोकला.

खोकलाही काकांचाच होता. उभा जन्म त्यांनी लोकांच्या स्वयंपाकघरातले ओटे कापले, नकली दगडाचे, पाणी न मारता कोरडेच, आणि संध्याकाळी घरी येत ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन. त्या भुकटीनेच त्यांच्या फुप्फुसांचा दगड केला. कपाटात बसून बोलताना मध्ये मध्ये जो खोकला आला, तो ल्युपकाने टाकून न देता गेममध्ये ठेवला होता.

पहारेकरी हाताच्या अंतरावर उभा होता. मार्नीने श्वास रोखला. पहारेकरी जागचा हलला नाही.

तिला वाटलं, नशीब. पुढच्या चौकीवर पुन्हा तसंच. म्हातारा छाती फाटेस्तोवर खोकला आणि दोन शिपाई हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. मग तिने परीक्षकाच्या खोडसाळपणाने एक खडा भिंतीवर मारला. दोघेही गर्रकन वळले. खडा ऐकू येत होता, पाऊल ऐकू येत होतं, लांबवर फुटलेली बाटली ऐकू येत होती. तिने म्हाताऱ्याला थेट शिपायाच्या नाकासमोर नेऊन उभं केलं, अंधारात, आणि वाट बघितली. म्हातारा खोकला. काही नाही. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, पण इथे तर राखणदारच बहिरे होते.

बोट येईपर्यंत तिचा जीव एकदाही वरखाली झाला नाही. पकडले जायची भीतीच नसेल तर लपायचं कशाला? सुंदर लिहिलेली, सुंदर बोललेली कथा हळूहळू मिळमिळीत होत गेली. दहापैकी पाच, फार तर साडेपाच. मैत्रीण म्हणून तिला रडू येत होतं आणि परीक्षक म्हणून लाज वाटत होती.

मेलबर्नहून रोरीचा फोन आला. रोरी हा प्रकाशक कंपनीचा माणूस. तो वाईट नव्हता, वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"गोड बोलू नकोस, खरं सांग. सातच्या वर जाईल?"

"आत्ता आहे तसा? नाही."

"मग गुंडाळायचा. वरच्यांनी तसं ठरवूनच ठेवलंय. वाईट वाटतंय गं, तो म्हातारा काय झकास बोलतो. कोण आहे?"

"आहे एक. रोरी, यात दोष एकच आहे, आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे. महिनाभर थांब."

"म्हणजे तू ल्युपकाशी बोलणार. बनवणाऱ्यांशी बोलायचं नाही हा नियम तुझ्या करारात आहे ना?"

"आहे."

"मग मी काही ऐकलंच नाही," असं म्हणून रोरीने फोन ठेवला.

काकांचं बोलणं दुसरीकडे कुठेही टिपलेलं नव्हतं. फोटोत सुद्धा ते कायम मान वळवून कुणाला तरी काहीतरी सांगत असलेले. हा गेम गुंडाळला गेला, की तो आवाज कुठल्यातरी कंपनीच्या कपाटात कायमचा बंद झाला असता, आणि कंपनीचीच मालमत्ता म्हणून ल्युपकालाही तो बाहेर काढता आला नसता.

शनिवारी पोर्ट केंब्लात स्थायिक झालेल्या मॅसिडोनियन मंडळींचा मृतांचा दिवस होता. मार्नी दफनभूमीत पोहोचली तेव्हा थडग्याथडग्यावर कापडं अंथरलेली होती. कुठे पालेभाजी भरलेलं झेल्निक, कुठे भाजलेली कोंबडी, कुठे साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू. बायका काळ्या कपड्यांत एका थडग्यावरून दुसऱ्या थडग्यावर जाऊन आपल्या मेलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्याला घास देत होत्या. शेजारच्या दगडावर कुणीतरी आपल्या नवऱ्यासाठी सिगारेट पेटवून ठेवली होती, आणि तिचा धूर स्तोयानकाकांच्या अंगावर येत होता. ल्युपकाची आई, सावकामावशी, डोक्याचा रुमाल सोडून त्याने तो धूर हाकलत होती.

"खा," मावशीने मार्नीच्या तळव्यावर गहू ठेवले. "आणि म्हण."

"देव त्यांना क्षमा करो," मार्नी म्हणाली. या दिवशी दिलेला घास नाकारायचा नसतो.

"करेल. त्याच्याइतका भांडकुदळ माणूस वर गेल्यावर देवाला दुसरा इलाज नाही." मावशी हसली. "मिरच्यांची खोकी आलीत. पुढच्या रविवारी भाजायच्या. ये सोलायला. गेल्या वर्षी बिचाऱ्याला त्या धुराने केवढा ठसका लागला होता, आठवतंय?"

मार्नीला आठवत होतं. गॅरेजच्या दारात अर्धं कापलेलं पिंप, त्यावर लालभडक ढोबळ्या मिरच्या, आणि पिंपाशी उभे काका, वाकून वाकून खोकणारे. "धूर!" असं ते हात हलवून सगळ्यांना सांगायचे. सगळे म्हणायचे, धूरच तो. मार्नीसुद्धा म्हणाली होती.

मावशी दुसऱ्या थडग्याकडे गेली तेव्हा मार्नी ल्युपकाला म्हणाली, "तुझे पहारेकरी बहिरे आहेत गं. त्यांना खोकला ऐकू येत नाही."

"तुझ्याकडेच पाठवला होय त्यांनी? मला वाटलंच." ल्युपका खाली बघून थडग्यावरचं मेण नखाने खरवडत होती. "चूक नाहीये ती. मीच केलंय. आधी ऐकू यायचा त्यांना. पहिल्यांदा सगळं जोडून खेळायला बसले, बाबा खोकले, पहारेकरी वळला, आणि त्याने गोळी घातली. स्टुडिओत सगळी पोरं बसलेली, आणि मी टेबलाखाली जाऊन रडत होते. मग मी त्यांच्या कानातून तेवढा एक आवाज काढून टाकला."

"पण मग धाकच राहत नाही. खेळणाऱ्याला कळतं. खोकला ऐकूनही न ऐकल्यासारखं करणारा पहारेकरी कुठे असतो का, ल्युपका? असं फक्त घरची माणसं करतात."

बोलून गेल्यावर मार्नीला आपली जीभ चावावीशी वाटली. ल्युपकाचं नख मेणावर थांबलं होतं.

"ते मुद्दाम पिंपाशी जाऊन उभे राहायचे, माहितीये तुला?" ल्युपका म्हणाली. "खोकला आला की धुरात शिरायचे. म्हणजे धुराचं नाव पुढे करता येतं. मिरच्या संपल्या, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे आणि खोकायचे. आणि मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला ऐकू गेलं असं त्यांना वाटू नये म्हणून. किती शहाणी ना मी? डॉक्टरकडे न्यायचं सोडून टीव्ही मोठा करत होते."

"तूच एकटी नव्हतीस."

"हे सांगून मला बरं वाटावं असं वाटतंय का तुला?"

"नाही," मार्नी म्हणाली. मग जे सांगायला आली होती ते तिने सांगून टाकलं. असाच राहिला तर गेम गुंडाळतील. महिन्याची मुदत आहे.

ल्युपकाने तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ते जास्त वाईट होतं. "म्हणजे बाबांचा आवाज ठेवायचा असेल तर बाबांना मरू द्यायचं."

"दर वेळी मरणार नाहीत ते. खेळणारा सावध असेल तर वाचतील."

"आणि नसेल तर?"

शेजारची सिगारेट जळून संपली होती. मावशी रिकामं भांडं घेऊन परत येत होती, आणि लांबूनच ओरडली, "दोघी नुसत्या उभ्या काय! ती कोंबडी कुणी खायची, मी?"

घरी येऊन मार्नीने परीक्षण लिहिलं, दोषासकट, काही न लपवता. फक्त गुणांची जागा तिने कोरी ठेवली आणि रोरीला कळवलं, दुरुस्त झालेला बघेन, मग भरेन. त्यानंतरचा पूर्ण आठवडा ल्युपकाने फोन उचलला नाही. मार्नीने समजायचं ते समजून घेतलं. कुणाच्या बापाच्या मरणाची कळ आपण दाबायला सांगितली, आणि वर मैत्रीण म्हणवतो, असं तिला रोज वाटत राहिलं.

रविवारी मात्र ती गेली. न जाणं म्हणजे मावशीशी जन्माचं वैर.

गॅरेजमध्ये पिंप पेटलेलं होतं. मावशी लांब चिमट्याने मिरच्या उलटत होती. मार्नीची बोटं सालं काढून काढून लाल झाली. काकांचं स्टूल भिंतीशी तसंच होतं आणि त्यावर कुणी बसत नव्हतं. मग आतून ल्युपकाची हाक आली.

स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप उघडा होता. हा ओटा काकांनी स्वतः कापलेला, उरलेल्या तुकड्यांचा, दोन रंगांचा. मावशी त्यावर कधी गरम भांडं ठेवू देत नसे.

"खेळ," ल्युपका म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "मी काही सांगणार नाही. माझ्याच्याने कंट्रोलर धरवत नाहीये."

मार्नी खेळायला बसली. पहिल्याच चौकीवर काहीतरी बदललंय हे तिच्या कानांना कळलं. खोकल्याच्या आधी म्हाताऱ्याच्या छातीत आता एक बारीकसा आवाज व्हायचा, श्वास कशाला तरी अडकल्यासारखा. तो ऐकून थांबलं, म्हाताऱ्याचा कोपर धरून त्याला वाफेच्या पाइपाशी नेलं, की खोकला त्या फुसफुशीत बुडून जाई. थांबायलाच हवं होतं. किती वेळ, ते म्हातारा ठरवणार. आपल्याला फक्त शेजारी उभं राहायचं. मार्नी थांबली, म्हातारा खोकला, पहारेकऱ्याने मान वर केली आणि खाली घातली. तिच्या तळहातांना घाम फुटला. खूप दिवसांनी एखाद्या गेमने तिला असा घाम फोडला होता.

धक्का दिसू लागला. फाटक उघडं, पहारेकऱ्याची पाठ वळलेली, पलीकडे बोटीचा दिवा. आणि म्हाताऱ्याच्या छातीत तो बारीक आवाज झाला.

मार्नीला तो स्वच्छ ऐकू आला. पाइप मागे राहिला होता, परत जावं लागलं असतं. तिला वाटलं, आता एवढंच तर आहे, एकदा बोटीत बसलो की मग बघू. ती पुढे चालत राहिली.

म्हातारा खोकला. पहारेकरी वळला. गोळीचा आवाज छोटासाच होता. म्हाताऱ्याची टोपी फरशीवर पडली, आणि मग पडदा काळा झाला, संगीत नाही, काही नाही.

"ऐकलं होतंस तू," ल्युपका म्हणाली.

"ऐकलं होतं."

"तरी गेलीस."

"बोट जवळ आली होती गं. मला वाटलं…"

"हो. मलाही असंच वाटायचं. ओट्यांचं हे एवढं मोठं काम संपू दे, मग नेऊ दाखवायला." ल्युपकाने नाक पुसलं. "सगळे पुढे जातात. स्टुडिओत एकूण एक जण पुढे गेला."

रोरीला द्यायचा आकडा मार्नीला तेव्हाच कळला. नऊ. तिने तो मनात लिहून टाकला आणि तिला कसलाही आनंद झाला नाही.

ल्युपकाने हात पुढे केला. मार्नीने कंट्रोलर तिच्या हातात दिला आणि खुर्ची सोडली. गेम फाटकाच्या अलीकडून पुन्हा सुरू झाला. छातीत बारीक आवाज. ल्युपका लगेच थांबली, वळली, बापाचा कोपर धरून त्याला मागे पाइपाशी घेऊन गेली. म्हातारा खोकला. खूप वेळ, वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. लॅपटॉपचा आवाज मोठा होता, आणि घरभर, पार गॅरेजपर्यंत तो खोकला गेला. पहारेकरी थबकला, आणि निघून गेला.

वाट मोकळी झाली. "जा आता," मार्नी हळूच म्हणाली.

ल्युपका जागची हलली नाही.

गेममध्ये नुसतं उभं राहिलं, की म्हातारा आपल्या मनाने बोलू लागे. तसा तो बोलू लागला. गुडघ्यांबद्दल. बोटी कशा सगळ्याच गळक्या असतात त्याबद्दल. मिरच्या सोलायच्या आदल्या दिवशी नखं कापणाऱ्या मूर्खांबद्दल. आणि मग, लिहिलेलं सगळं संपल्यावर, तोच आवाज जरा वेगळ्या तऱ्हेने म्हणाला, "बास झालं की गं ल्युपका आता. कोट नाकात जातायत माझ्या. चल, बाहेर चहा घेऊ."

हे गेममध्ये असायला नको होतं. इल्वाच्या बापाच्या तोंडी ल्युपकाचं नाव, ही चूकच होती, आणि चुका लिहिणं हे तर मार्नीचं काम. ही एक तिने लिहिली नाही.

मागे न्हाणीघराच्या बाजूचं दार वाजलं. सावकामावशी धापा टाकत आत आली होती, कपाळावर काजळी, एका हातात अजून चिमटा. दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला ग्लास होता. तिने पडद्याकडे बघितलं, मग लेकीकडे, मग पुन्हा पडद्याकडे, जिथे एक म्हातारा पाइपाला टेकून उभा होता आणि पहिल्यापासून सांगत होता, की गुडघे माझे आहेत, तुझे नाहीत.

"आई," ल्युपका उठली, "मी तुला सांगणारच होते…"

"तो धुराने नव्हता खोकत," मावशी म्हणाली. "मला तेव्हाही कळत होतं."

तिने चिमटा खाली टाकला, एप्रनला ओला हात पुसला, आणि ग्लास ओट्यावर, पडद्याला अगदी लागून ठेवला.